हुलग्याच्या डब्यातला देव

तार दिसली.

तळहाताएवढ्या मोबाईलवर विहिरीतलं पाणी उकळल्यासारखं झालं, त्यातून देवाची मूर्ती हळूहळू वर आली, आणि तिच्या मुकुटामागून सरळ आभाळात गेलेली केसाएवढी पांढरी तार मला अगदी स्वच्छ दिसली. साठ वर्षं मी सगळ्यांना सांगत आले होते, की तार नव्हतीच.

“आजी, ही बघ तार,” माझी नात ऋतुजा म्हणाली.

“दिसली. हळू बोल,” मी म्हणाले. जणू कधीच गेलेली माझी आजी, अव्वा, मागच्या खुर्चीवर बसून ऐकत होती.

आम्ही लोहाऱ्यात एका लग्नाला आलो होतो. अक्षतांना उशीर होता. नवरदेव अजून रस्त्यावर मित्रांच्या खांद्यावर नाचत होता. माझ्या तोंडून अनेकदा ऐकलेला तो जुना काळा-पांढरा सिनेमा पोरीनं वेळ घालवायला शोधून काढला. तिला काय ठाऊक, की मंगल कार्यालयाच्या ज्या फरशीवर आमच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या होत्या, तिच्या खाली आमचं खळं होतं, आणि तेरा वर्षांची असताना मी हा सिनेमा ह्याच जागेवर पाहिला होता.

सुगी सरली की खळं मोकळं व्हायचं. अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, भुसार दुकान खळ्याच्या तोंडालाच होतं. ज्वारीची पोती आत गेली, कडब्याच्या गंजी रचून झाल्या, की एके दिवशी ट्रकातून सिनेमाचा तंबू यायचा. मग महिनाभर त्या जागेचा वास बदलायचा. एरवी कोंड्याचा, बैलांचा, गुळाच्या ढेपांचा. तंबू लागला की ताडपत्रीचा, डिझेलचा, धूळ बसावी म्हणून शिंपडलेल्या पाण्याचा. दिवेलागणीला इंजीन धडधडायला लागलं की आमच्या फळीवरच्या पितळी ताटल्या थरथरायच्या. माझी आजी, अप्पांची आई, जिला सगळं घर अव्वा म्हणायचं, ती त्या ताटल्यांकडं बघत म्हणायची, “उठला बघा माझ्या लेकाचा देव.”

अप्पा सिनेमा बघायला बसत नसत. ते मशीनच्या खोलीत उभे राहायचे. तिथं कार्बनच्या दोन काळ्या कांड्या टोकाला टोक भिडवून जळायच्या आणि त्यांच्या मधल्या उजेडातून सगळा सिनेमा बाहेर पडायचा. जळून उरलेली थोटकं अप्पा पोत्यांवर खुणा करायला आणून ठेवायचे. दुकानाच्या फळीवर एका कान तुटलेल्या कपात ती उभी असायची, करंगळीएवढी, कोळशासारखी काळी, पण कोळशाहून गुळगुळीत.

“ह्यातनंच राजा निघतो, राणी निघती, अन् देव बी निघतो,” अप्पा एकदा मला म्हणाले. मी दोन्ही कानांवर हात ठेवले होते.

कारण मी तेव्हा फार भाविक होते. म्हणजे घरात कुणाला सहन होत नव्हते. कपाळावर भस्माचे तीन पट्टे असे ओढायचे, की रस्त्यावरची गाढवंसुद्धा बाजूला व्हावीत. आईनं बेलाचं पान उलटं वाहिलं तर मी तिला सर्वांदेखत सांगायचे. आज ती पोरगी मला रस्त्यात भेटली तर मी तिला एक चापट देईन, आणि मग जवळ घेईन. आधी चापट.

आमच्यात लेकरू जन्मलं की अय्या, म्हणजे आमचे जंगम स्वामी, त्याच्या गळ्यात लिंग बांधतात. सुपारीएवढं, काळंभोर. चांदीच्या डबीत, दोऱ्यात, मरेपर्यंत छातीवर. सकाळी आंघोळ झाली की ते डाव्या तळहातावर घ्यायचं, पाणी घालायचं, भस्म लावायचं, बेल वाहायचा. मगच तोंडात घास. ज्याचं लिंग हरवलं त्यानं ते सापडेपर्यंत अन्नपाणी घ्यायचं नाही, अशी जुनी रीत. अव्वाच्या छातीवरची डबी तिच्या कातडीचाच भाग झाली होती. अप्पांना मात्र ती आंघोळीला अडचण वाटायची. ते ती काढून न्हाणीबाहेरच्या खुंटीला अडकवायचे. रोज सकाळी खुंटीवर डबी लागल्याचा टक असा आवाज यायचा, आणि रोज सकाळी स्वयंपाकघरात अव्वाचा हात जात्यावर थांबायचा. बस, एवढंच. आमच्या घरात ह्यावरून कधी भांडण झालं नाही. भांडण झालं असतं तर बरं होतं.

सिनेमातही असंच घर होतं. म्हातारी आई, देवदेव करणारी सून, आणि चार बुकं शिकलेला मुलगा, ज्याचा कशावर विश्वास नाही. एके दिवशी तो रागानं देव्हाऱ्यातला देव उचलतो आणि विहिरीत टाकतो. मग गाय आटते, दिवा लागत नाही, आई अंथरूण धरते. शेवटी तो विहिरीच्या काठावर बसून रडतो, त्याच्या आसवाचा एक थेंब पाण्यात पडतो, आणि देव वर येतो.

तो खेळ बघायला बायका चपला तंबूबाहेर काढून आल्या होत्या. पडद्याच्या खालच्या काठाला आधीच इतकं कुंकू लागलेलं होतं, की पुढच्या आठवड्यात दुसरा सिनेमा आला तेव्हा त्यातल्या दरोडेखोराचे पायसुद्धा पूजलेले दिसत होते. देव पाण्यातून वर यायला लागला तसा सगळा तंबू उभा राहिला. कुणी नारळ फोडला. मागच्या बाईनं माझ्या डोक्यावरून बेल उधळला. अव्वाला मोतीबिंदूमुळं फारसं दिसत नव्हतं, तरी तिचे हात जोडलेले होते आणि ओठ हलत होते. गाणं थांबलं. इंजिनाची धडधड तेवढी उरली.

आणि मशीनच्या खोलीतून अप्पांचं हसू आलं.

“अवं, तार दिसतीय की.”

ते मशीनवाल्याला म्हणाले होते. पण ऐकलं सगळ्यांनी. पुरुषांच्या बाजूचे काही जण हसले. बायकांतलं कुणी हसलं नाही. अव्वानं जोडलेले हात हळूच सोडले आणि पदर सारखा केला.

घरी येताना मी तिचा हात धरला होता. उंबऱ्यात पाय पुसताना ती छातीवरची डबी मुठीत धरून म्हणाली, “शिवा, माझ्या लेकाला एकदा तरी रडव.”

देवानं ते ऐकलं की नाही, माहीत नाही. मी ऐकलं. आणि मला वाटलं, हे काम माझ्यावरच सोपवलंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी खुंटीवर टक वाजलं. न्हाणीत पाण्याचा पहिला तांब्या पडला. मी डबी उघडली, लिंग काढलं, डबी बंद करून जशीच्या तशी लटकवली, आणि लिंग हुलग्याच्या डब्यात तळाशी दडवलं. हुलगे, म्हणजे कुळीथ, आमच्याकडं कुणाला आवडत नव्हते, म्हणून तो डबा महिनोन्‌महिने उघडत नसे. सिनेमात विहीर होती, आमच्याकडं हुलगे. बाकी सगळं तसंच होणार होतं. अप्पा रडणार, मी लिंग काढून देणार, आणि घरात देव परत येणार. माझ्या हुशारीनं माझाच ऊर भरून आला होता.

अप्पा आंघोळ करून आले, अव्वासमोर बसले, डाव्या हातावर डबी उपडी केली. काही पडलं नाही. त्यांनी डबी झटकली, आत बोट घातलं. मग आईकडं बघितलं.

अव्वाला ते दिसलं नाही. पण पाणी ओतल्याचा आवाज आला नाही, एवढ्यावरून तिला कळलं.

“हसलास नव्हं,” ती म्हणाली. “गेला त्यो.”

तिच्यापुढं भाकरी वाढलेली होती. तिनं ताटली हातानं दूर सारली. उपास खरा अप्पांनी करायचा होता. पण हा ऐकणार नाही, हे तिला ठाऊक होतं. म्हणून तिनं तो स्वतःवर घेतला. आईनं समजावलं, की अय्यांकडून दुसरं बांधून घेता येतं. अव्वा म्हणाली, दुसरं नको, जन्मताना बांधलेलंच पाहिजे. आणि न्हाणीबाहेर त्या खुंटीखाली घोंगडी टाकून बसली.

रात्री तंबूतच पडलं असेल म्हणून त्या दिवशी सगळं खळं चाळणीनं चाळलं. अप्पांनी तंबूवाल्याला दुपारपुरता तंबू मागं गुंडाळायला लावला. गडी, शेजारपाजारचे, सगळे उकिडवे बसून माती चाळत होते. मीही बसले होते, तोंड पाडून, सगळ्यांत जास्त मेहनत करत. काय काय निघालं त्या मातीतून. बांगड्यांचे तुकडे, विड्यांची थोटकं, शेंगांची टरफलं, वाळलेला बेल, लहान लेकराचा एक मोजा, एक दात. कुणाचं काय हरवलं होतं देव जाणे. कुणी शोधायला आलं नव्हतं.

अप्पा रडले नाहीत. मी दर थोड्या वेळानं त्यांच्या तोंडाकडं बघायचे. सिनेमातल्या मुलाचा चेहरा कसा हळूहळू वितळत जातो; अप्पांचा आवळत चालला होता.

दुसऱ्या दिवशी आईनं ओल्या फडक्यानं अव्वाचे ओठ पुसायला घेतले तर तिनं मान फिरवली. पाणीसुद्धा नको. ओठांवर पांढरी साय आली होती. एरवी घरात येणाऱ्या प्रत्येकाला ती कानडीत एकच विचारायची, “ऊटा आयता?” जेवलास का? त्या दिवशी माणसं आली, गेली. तिनं कुणाला विचारलं नाही. मला सगळ्यांत भीती त्याची वाटली. लिंग परत खुंटीला लावावं म्हटलं, तर खुंटीखाली तीच बसलेली. डोळ्यांना दिसत नसलं तरी तिच्या कानावरून माशीसुद्धा सुटत नसे. आणि खरं बोलायला जी हिंमत लागते, ती माझ्या भस्माच्या पट्ट्यांत नव्हती. त्या दोन दिवसांत मी मात्र चारी वेळा शेंगाचटणी-भाकरी खाल्ली, हेही सांगून टाकते.

अप्पांचा दुकानातला डबा पोहोचवायला मीच जायचे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी रिकामा डबा आणायला गेले, तर दुकानामागं कुत्रं भाकरी खात होतं. कालवणासकट. आदल्या दिवशीही डबा असाच चाटूनपुसून लख्ख आला होता. तेव्हा मला कळलं, की अप्पाही जेवत नव्हते. ज्यांचा विश्वास नव्हता, ते दोन दिवस उपाशी होते, आणि कुणाला सांगत नव्हते.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी हुलग्यात हात घातला. लिंग काढलं, परकराच्या नेफ्यात खोचलं, आणि अप्पांना सगळं सांगायचं ठरवून दुकानाकडं निघाले. अव्वा आता बसूनही राहू शकत नव्हती. भिंतीला टेकली होती.

दुकानाची एकच फळी काढलेली होती. आतून राळेचा वास येत होता. मी फटीतून बघितलं. अप्पा जमिनीवर बसले होते. समोर आमच्या घरातली सहाण. चिमणीवर धरलेल्या पळीत राळ आणि काजळ वितळत होतं. तो कान तुटलेला कप आडवा पडला होता, आणि मशीनच्या कांडीचं एक थोटूक अप्पा सहाणेवर गोल-गोल घासत होते. घासायचे, राळेत बुडवायचे, फुंकायचे, डाव्या तळहातावर ठेवून उजेडात धरायचे, मान हलवायचे, पुन्हा घासायचे. देव जमत नव्हता. हात कोपरापर्यंत काळे झाले होते.

नेफ्यातलं खरं लिंग काढून त्यांच्यापुढं ठेवायला दोन पावलं पुरली असती. मी ती टाकली नाहीत. चोरी माझी होती, पण पकडले जाणार होते अप्पा. मी आल्या वाटेनं परतले. आजही मला कुणी विचारलं, की तू आयुष्यात सगळ्यांत मोठी चूक कुठली केलीस, तर मी त्या दोन पावलांचं सांगेन. आणि आयुष्यात शहाणपणाची गोष्ट कुठली केलीस विचारलं, तरी तेच सांगेन. म्हातारपणी एवढी सूट मिळते.

तासाभरानं अप्पा घरी आले. “सापडलं,” म्हणाले. “मशीनच्या खोलीमागं, मातीत.”

अव्वानं हात पुढं केला. त्यांनी डबीतून काढून तिच्या तळहातावर ठेवलं. तिनं ते डोळ्यांजवळ नेलं नाही, नाकाजवळ नेलं.

“भस्माचा वास न्हाय ह्याला,” ती म्हणाली. “राळंचा हाय.”

“मातीत पडलं हुतं, अव्वा. दोन दिस.”

“मातीला राळंचा वास कवापास्नं आला?”

चुलीवर पाणी उकळत होतं, ते उतरवायचंही आईच्या लक्षात आलं नाही. मग अव्वा म्हणाली, “अय्यांना बोलवा. ते म्हणले हेच, तर मी जेवीन.”

खडावांचा आवाज गल्लीच्या टोकापासून ऐकू आला. अय्या तेव्हा अप्पांच्याच वयाचे होते. अप्पांच्या गळ्यात लिंग बांधलं ते अय्यांच्या वडिलांनी. ते अव्वाजवळ बसले. ती काळी गोळी त्यांनी हातात घेतली, दाराच्या उजेडाकडं वळवली, नखानं हलकेच टोकरली. मग त्यांनी मान वर केली आणि अप्पांच्या हातांकडं बघितलं.

“आधी हात धुवून ये,” ते अप्पांना म्हणाले. “लई काळे झालेत.”

अप्पा न्हाणीत गेले. किती वेळ पाणी पडत होतं. माझ्या नेफ्यातलं लिंग पोटाला टोचत होतं. अप्पा परत आले, ओले हात तसेच लोंबत ठेवून उभे राहिले. अय्यांनी आईकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. माझ्याकडं जरा जास्त.

“घरात कुणाला काय सांगायचंय?”

मी अव्वाच्या पायांकडं बघत होते. टाचांना भेगा, भेगांत खळ्यातली माती. दोन दिवसांत पाय केवढे लहान झाले होते.

अय्या थांबले. त्यांनी त्या गोळीवर पाणी घातलं, भस्म लावलं, मंत्र म्हटले, आणि ती अप्पांच्या डाव्या तळहातावर ठेवली.

“हेच हाय, अव्वा. जेवा आता.”

अव्वानं तीर्थ घेतलं. आईनं ज्वारीची पातळ पेज भरवली. दोन घोट गिळल्यावर अव्वानं पळी हातानं थांबवली, मान वळवली, आणि जिथं अप्पा उभे असतील असं तिला वाटलं तिकडं बघून विचारलं, “ऊटा आयता?”

अप्पा रडले. तळहातावर ती सिनेमाची कांडी तशीच धरून, तोंड न झाकता, लहान पोरासारखे. अव्वानं मागितलं होतं तसं. माझा बेत तडीस गेला होता. विहिरीतून काही वर आलं नाही.

त्यानंतर खुंटीवर टक वाजलं नाही. अप्पांनी डबी पुन्हा कधी गळ्यातून काढली नाही, आंघोळीलासुद्धा. त्यामुळं खरं लिंग गुपचूप आत घालायची संधी मला मिळाली नाही. रोज सकाळी ते अव्वासमोर बसून पाणी घालायचे, भस्म लावायचे. समोर बसून मी माझी पूजा करायचे, आणि पाणी ओतता-ओतता माझ्या मनात यायचं, माझं हे कशाचं केलं असेल? कुणाच्या सहाणेवर? ज्या घरात बाप हसायचा आणि पोरगी कपाळ भरून भस्म लावायची, तिथं बाप डोळे मिटून बसायला लागला आणि पोरगी एक डोळा उघडा ठेवायला लागली. माझ्या तीन पट्ट्यांचा एक झाला. आईला वाटलं, पोरगी मोठी झाली.

लग्न होऊन मी कळंबला आले तेव्हा सामानात हुलग्याचा डबा होता. सासरी सगळ्यांची समजूत झाली, की सूनबाईला हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं लई आवडतं. पाहुणे आले की माझ्यासाठी मुद्दाम माडगं. मला त्याच्या वासानं मळमळतं. पण दर वर्षी जुने हुलगे काढून नवे भरायचे, आणि तळाशी हात घालून ती थंड, गोल गोष्ट आहे ना, ते चाचपायचे. आहे, एवढं कळलं की झाकण लावायचे.

अव्वा गेली. मग एकदा माहेरी गेले असताना बघितलं, अप्पा एकटेच बसले होते, डोळे मिटून, तळहात पुढं करून. आता बघायला घरात कुणी नव्हतं. मी विचारलं, “अव्वा गेली की. आता कुणासाठी?”

त्यांनी डोळे उघडले नाहीत. “रिकामा हात बरा वाटत न्हाय,” म्हणाले.

त्या वेळी सांगता आलं असतं. डबा मात्र कळंबला होता. माणसाला सबब मिळायला एवढं पुरतं.

अप्पा गेले तेव्हा मी लिंग पदराच्या टोकाला बांधून आणलं. आमच्यात माणसाला बसवून पुरतात, डाव्या तळहातावर त्याचं लिंग ठेवून. अप्पांना भिंतीला टेकवून बसवलं होतं, बरोबर अव्वा बसायची तिथं. तेच अय्या आले; आता पांढरी दाढी, खडावांऐवजी रबरी चप्पल. त्यांनी डबी उघडली. राळ केव्हाच झिजून गेली होती. आतली कांडी पाण्यानं, भस्मानं, अंगठ्यानं घासून-घासून इतकी गोल आणि तुळतुळीत झाली होती, की खिडकीचा उजेड तिच्यात दिसत होता.

अय्यांनी माझ्याकडं बघितलं. तसंच, जरा जास्त.

“पोरी,” ते हळूच म्हणाले, “ह्यांच्या हातात काय ठिवू?”

पदराची गाठ माझ्या मुठीत होती. एकदा ती सैल केली. मग पुन्हा आवळली.

“गळ्यातलंच ठेवा,” मी म्हणाले.

मोबाईलवरचा सिनेमा संपला. बाहेर बँड जवळ आला होता. कार्यालयाच्या भिंती थरथरत होत्या, थेट त्या पितळी ताटल्यांसारख्या. एवढं सगळं ऐकून ऋतुजानं मोबाईल बाजूला ठेवला. मग तिनं विचारलं, खरं लिंग आता कुठंय?

“हुलग्याच्या डब्यात. तुला वाटलं व्हतं मला माडगं आवडतं?”

ती हसली. तिच्या हातात अक्षता दिल्या होत्या, त्या तिनं मुठीत आवळल्या. मी तिला जवळ ओढलं, कारण बँडचा आवाज फार मोठा होता आणि हे एकदाच सांगायचं होतं.

“मी गेले की माझं लिंग माझ्या डाव्या हातात ठेवतील. उजवा रिकामा राहतो. त्यात अप्पांचं ठेव. कुणी विचारलं तर म्हण, म्हातारीनंच सांगितलंय.”

“आजी, ते भेटतील तुला?”

“भेटले तर त्यांचं त्यांना देऊन टाकीन,” मी म्हणाले. “न्हाय भेटले, तर अप्पांचंच खरं होतं. फक्त ते त्यांना सांगता यायचं न्हाय.”